सेकंडहँड नेट यारोझे: काळं प्लेस्टेशन घ्यावं का, आणि केवढ्याला?

नेट यारोझे म्हणजे घरबसल्या स्वतःचे गेम लिहिता यावेत म्हणून सोनीने विकलेलं काळ्या रंगाचं प्लेस्टेशन. आधी निकाल सांगून टाकतो. सेट पूर्ण असेल, विकणाऱ्याने तो तुमच्यासमोर चालू केला असेल आणि जुन्या यंत्राशी झटापट करायची तुम्हाला हौस असेल, तर घ्या. नुसता काळा डबा मिळत असेल तर तो कितीही देखणा असला तरी शोभेची वस्तू समजून त्याच हिशेबाने पैसे द्या. बाकीचं सविस्तर खाली आहे.

मी मूळचा मिरजेचा, सध्या तोक्योत निशी-कासाईला राहतो. गाड्यांच्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर लिहिणं हे पोटापाण्याचं काम. जुन्या गेम कन्सोलांपेक्षा ते गेम ज्या यंत्रांवर लिहिले गेले त्या यंत्रांचं वेड मला जास्त. त्यामुळे हा रिव्ह्यू गेम खेळणाऱ्यापेक्षा स्क्रू ड्रायव्हर हातात धरणाऱ्याच्या नजरेने लिहिलाय.

सोनीने जून १९९६ मध्ये जपानमध्ये नेट यारोझे काढलं. किंमत १,२०,००० येन. साधं प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये ३९,८०० येनला बाजारात आलं होतं, म्हणजे तिप्पट. पुढच्या वर्षी ते अमेरिकेत साधारण ७५० डॉलरला आणि युरोपातही मिळायला लागलं. एवढे पैसे कशाचे, तर घरबसल्या प्लेस्टेशनसाठी सी या प्रोग्रामिंग भाषेत गेम लिहिता येतील याचे. सोबत काळे कंट्रोलर, कॉम्प्युटरला जोडायची सीरियल केबल, यंत्र सुरू करायची बूट डिस्क, कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत बदलणारा) आणि लायब्ररीची (सोनीच्या तयार कोडची) डिस्क, मॅन्युअल, आणि मेमरी कार्डाच्या खाचेत बसणारं एक छोटं काळं अ‍ॅक्सेस कार्ड. या कार्डाकडे लक्ष ठेवा. पुढचा सगळा पैशांचा खेळ त्याच्याभोवती आहे.

पण त्याआधी एक गोष्ट. डेव्हलपमेंट किट (गेम बनवणाऱ्यांसाठीचं खास यंत्र) म्हणून जे जे विकायला येतं त्यातलं बरंचसं मुळात कधी विकलंच गेलेलं नसतं. सोनी काय, निन्टेंडो काय, किट देताना गेम बनवणाऱ्या स्टुडिओशी करार करत आणि यंत्राची मालकी सहसा स्वतःकडे ठेवत. काम संपलं की परत करायचं. मग एखादा स्टुडिओ बुडतो, ऑफिस रिकामं होतं, भंगारवाला टेम्पो घेऊन येतो आणि कपाटातली किट बाजारात फिरायला लागतात. अशा वस्तूंवर कोणाचा हक्क, हा प्रश्न केवळ कागदावरचा नाही. २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये एका विक्रेत्याच्या घरी अशाच किट्सवरून पोलीस पोचले होते. यारोझेचं तसं नाही. ते सोनीनेच सामान्य माणसाला पोस्टाने विकलं. म्हणून घेणाऱ्याला शांत झोप लागते, आणि माझ्या लेखी त्या शांततेलाही किंमत आहे.

प्लेस्टेशनच्या व्यावसायिक किटमध्ये मला सगळ्यात आवडतं ते डीटीएल-एच२०००. पीसीत बसवायची दोन लांबलचक आयएसए (जुन्या पीसीतला स्लॉटचा प्रकार) कार्डं, त्यांवर अख्खं प्लेस्टेशन, आणि रॅम साध्या कन्सोलच्या चौपट, म्हणजे ८ एमबी. पण ते चालवायला त्याच काळातला, आयएसए स्लॉट असलेला पीसी हवा, आणि आमच्या दोन खोल्यांच्या घरात आणखी एक टॉवर आणला तर बायको मलाच जंकमध्ये काढेल. निळी आणि हिरवी डिबगिंग स्टेशनं (गेममधल्या चुका शोधायची यंत्रं) जास्त दिसतात. ती दिसायला साध्या प्लेस्टेशनसारखीच, पण घरी जाळलेली (म्हणजे कॉम्प्युटरवर कॉपी केलेली) सीडी आणि कुठल्याही देशाचा गेम विनातक्रार चालवतात. प्लेस्टेशन २ चं डीटीएल-टी१०००० नावाचं धूड तर वेगळंच प्रकरण. त्यात कन्सोलच्या ३२ ऐवजी १२८ एमबी रॅम आणि पोटात स्वतंत्र लिनक्स पीसी. वजन आणि पार्सलचा खर्च बघूनच मी हात जोडले.

ओळखायची पहिली खूण सोपी आहे. सोनीच्या दुकानी मालावर मागच्या स्टिकरला एससीपीएच ही अक्षरं असतात, डेव्हलपरच्या मालावर डीटीएल. यारोझेचं जपानी मॉडेल डीटीएल-एच३०००, अमेरिकी एच३००१, युरोपीय एच३००२. स्टिकरचा फोटो नसलेल्या जाहिरातीला मी मेसेजसुद्धा करत नाही. साधं करडं प्लेस्टेशन काळं रंगवायला एक स्प्रे कॅन पुरतो.

आता शोधायचं कुठे. निशी-कासाईहून तोझाई लाइनने कायाबाचो, तिथून हिबिया लाइनने अकिहाबारा. हा माझा शनिवारचा ठरलेला रस्ता. पण खरं सांगायचं तर अकिहाबारात आता घबाड मिळत नाही. काचेच्या कपाटातल्या वस्तूची किंमत दुकानदाराने जगभरचे भाव बघून लावलेली असते, आणि परदेशी पर्यटक ती देतातही. नाकानो ब्रॉडवे या जुन्या वस्तूंच्या दुकानांच्या संकुलातही तीच गत. वस्तू बघायला, हातात घ्यायला, खरं कार्ड कसं दिसतं हे शिकायला मात्र या जागा उत्तम. शिकवणी फुकट आहे, ती आधी पूर्ण करा.

माल खरा हलतो तो याहू ऑक्शन या ऑनलाइन लिलावावर, थोडाफार मेर्कारी या सेकंडहँड विक्रीच्या अ‍ॅपवर, आणि शहराबाहेरच्या हार्ड-ऑफ या सेकंडहँड दुकानांच्या जंक कप्प्यात. तिथली भाषा नीट वाचायला लागते. ‘दोसा काकुनिन-झुमी’ म्हणजे चालवून पाहिलंय. ‘मि-काकुनिन’ म्हणजे पाहिलेलं नाही, आणि अनुभव असा की बहुतेक वेळा पाहिलंय, चाललं नाही, म्हणून ‘पाहिलेलं नाही’. ‘जंक’ म्हटलं की परतावा नाही, तक्रार नाही, तुमचं नशीब. ‘हाको-सेत्सु त्सुकी’ म्हणजे खोका आणि मॅन्युअलसकट. यारोझेच्या बाबतीत हा शेवटचा शब्द दिसला तरी हुरळून जाऊ नका, कारण खोका आणि पुस्तक आहे म्हणजे कार्ड आणि डिस्क आहे असं नाही.

किंमत ठरवताना लोक जी माती खातात ती इथेच. जाहिरातीत मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. एखादं यारोझे दीड लाख येन लावून महिनोन्‌महिने तसंच पडून असतं, आणि नवा माणूस तोच आकडा डोक्यात घेऊन फिरतो. संपलेले लिलाव बघा. ऑकफॅनसारख्या सेवेवर जपानी लिलावांचे जुने आकडे मिळतात, ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर आहे. ते बघताना प्रत्येक लिलावाचे फोटो उघडून कशासकट विकलं गेलं हे टिपा, नाहीतर सरासरी काढण्याला अर्थ नाही. पूर्ण सेट आणि नुसता कन्सोल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्यांची बेरीज करून दोनने भागू नका.

विकणाऱ्यांच्या डोक्यात हवा जायला एक कारणही झालं. सोनी आणि निन्टेंडो यांनी एकत्र काढायच्या, पण कधीच बाजारात न आलेल्या कन्सोलचा एक नमुना मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ३,६०,००० डॉलरला गेला. तो आधी एका दिवाळखोर कंपनीच्या सामानाच्या गठ्ठ्यात ७५ डॉलरला मिळाला होता. ही गोष्ट खरी आहे, आणि तेव्हापासून ज्याच्या माळ्यावर सोनीचं काहीही वेगळ्या रंगाचं सापडतं त्याला आपल्यालाही बंगला बांधता येईल असं वाटतं. तसा नमुना सहसा दिसत नाही. यारोझे हा छापून विकलेला माल आहे, दुर्मिळ असला तरी. थोडं थांबलं की दुसरा येतो. घासाघीस करताना एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

आता कार्डाकडे. बूट डिस्क घातली आणि अ‍ॅक्सेस कार्ड खाचेत नसेल तर डेव्हलपमेंटच्या बाजूचं काहीही चालत नाही. कार्डाशिवायचं यारोझे म्हणजे किल्ली हरवलेलं गोदरेजचं कपाट. बूट डिस्कचंही तसंच, आणि इथे एक खोच आहे: डिबगिंग स्टेशनासारखं यारोझे जाळलेल्या सीडी घेत नाही, त्यामुळे कोणाकडून डिस्कची कॉपी मिळवून काम भागवू म्हणाल तर नाही भागणार. केबल मात्र गेली तर फार रडू नका, हाताने बनवता येते. माझा ढोबळ हिशेब असा: पूर्ण चालत्या सेटच्या भावातला जवळजवळ अर्धा वाटा कार्ड आणि डिस्क या जोडीचा. मॅन्युअलं आणि खोका मिळून फार तर पाचवा हिस्सा. उरलेलं कन्सोल, कंट्रोलर आणि केबल. संग्रह करणारे खोक्याला जास्त देतात, द्या म्हणावं.

एका ऑनलाइन विक्रेत्याच्या ‘पूर्ण सेट’च्या फोटोत कार्ड दिसत होतं. फोटो मोठा करून बघितला तर ते सोनीचंच, काळ्या रंगाचं, दुकानात मिळणारं साधं मेमरी कार्ड. विचारलं तर उत्तर आलं की घरात होतं तेवढं सगळं ठेवलंय. माणूस खोटं बोलत होता असंही वाटलं नाही. काका किंवा मोठ्या भावाची वस्तू विकणाऱ्याला खरंच माहीत नसतं. म्हणून पैसे भरण्याआधी कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागा. मिळत नसेल तर कार्ड नाही असं धरून बोली लावा.

मला शेवटी मिळालं ते अकिहाबाराच्याच मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका छोट्या दुकानात. वर म्हटलं ना तिथे घबाड मिळत नाही. हेही घबाड नव्हतं, ६४,००० येन मोजले. पण म्हाताऱ्या मालकाने काउंटरवरचा जुना ट्यूब टीव्ही लावून दिला आणि वर म्हणाला, हवं ते तपासा, घाई नाही. मी आधी सोबत नेलेली अमेरिकी गेमची डिस्क घातली. यारोझेला देशाचं कुलूप नाही, दुकानी जपानी प्लेस्टेशन ती डिस्क नाकारतं. रंगवलेला डबा पकडायची ही सगळ्यात स्वस्त युक्ती, फक्त कोणी आत मॉडचिप (हे कुलूप चुकवणारी चिप) बसवलेली नाही ना हे झाकणाचे स्क्रू बघून ताडायचं. मग कार्ड लावून बूट डिस्क. पहिल्यांदा वाचली नाही. मालकाने निर्विकारपणे कन्सोल उलटा केला आणि परत चालू केला, आणि वाचली.

हा त्या पिढीचा जुना रोग. सुरुवातीच्या प्लेस्टेशनमध्ये लेन्सची गाडी प्लॅस्टिकच्या दांड्यावर सरकते, शेजारीच पॉवर सप्लाय तापतो, आणि वर्षानुवर्षं झिजून लेन्स तिरकी बसते. उलटं ठेवलं की ती पुन्हा नीट टेकते. साधा प्लेस्टेशन घेताना मी यावरून भाव चांगलाच पाडला असता. यारोझेत थोडा कमी पाडतो, कारण बूट डिस्क एकदा वाचून लायब्ररी रॅममध्ये गेली की तुमचा प्रोग्राम केबलमधून येतो, लेन्सचं काम जवळजवळ संपतं. तरीही मालकाकडून त्यापोटी ४,००० कमी करून घेतले. मिरजेच्या माणसाने निदान तेवढं करायला हवं.

घरी आणून वापरायचा अनुभव? चिकाटी लागते. मी विंडोज ९८ चा एक जुना थिंकपॅड याच कामाला ठेवलाय, कारण त्याला खरा सीरियल पोर्ट आहे. प्रोग्राम सी मध्ये लिहायचा, कंपाइल करायचा, सिओकॉन्स नावाच्या टर्मिनलमधून कन्सोलला पाठवायचा. वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. प्लेस्टेशनची रॅम २ एमबी, त्यात सोनीची लायब्ररी बसल्यावर तुमच्या वाट्याला १.४ एमबीच्या आसपास उरते. तेवढं सगळं भरून पाठवायचं तर दोन मिनिटांच्या वर लागतात. प्रोग्राम अडकला की रिसेट, बूट डिस्क, आणि पुन्हा पहिल्यापासून पाठवणं. यात चहा होतो. ऑफिसात बिल्ड चालू असताना जशी चिडचिड होते तशी इथे होत नाही, याचं कारण मला कळलेलं नाही.

आणि या १.४ एमबीतच सगळं बसवायचं: कोड, टिम फॉर्मॅटमधली चित्रं, टीएमडी फॉर्मॅटमधली त्रिमितीय मॉडेलं, आवाज. व्यावसायिक गेम लागेल तसा डेटा सीडीवरून ओढत, यारोझेवाल्याला ती सोय नाही, सीडीवरून फार तर गाणं वाजवता येतं. सोनीने हौशी लोकांना दार उघडून दिलं खरं, पण उंबरठा मुद्दाम उंच ठेवला. तरी त्यातून लोकांनी काय काय काढलं! टेरा इन्कॉग्निटा नावाचा जपानी हौशी गेम बघा, इवल्याशा जागेत अख्खं साहसी जग आहे. डेव्हिल डाइस हा सोनीने १९९८ मध्ये दुकानात आणलेला फाशांचा गेम, त्याची सुरुवातही यारोझेवरच झाली. ब्रिटनच्या अधिकृत प्लेस्टेशन मासिकाने तर असे गेम आपल्या डेमो डिस्कवर वाचकांना वाटले. त्या डिस्क साध्या युरोपीय प्लेस्टेशनवर चालतात आणि सेकंडहँड बाजारात फार स्वस्त मिळतात. तेव्हा यारोझेचे गेम खेळायचे एवढीच इच्छा असेल तर यारोझे घेऊ नका, त्या डिस्क शोधा.

प्लेस्टेशनसाठी गेम लिहायचा असेल तरीही घेऊ नका, हे विकणाऱ्यांना आवडणार नाही. आज पीएसनूबएसडीके हे मुक्त सॉफ्टवेअर फुकट आहे, चांगले एम्युलेटर (कॉम्प्युटरवरच प्लेस्टेशनची नक्कल करणारे प्रोग्राम) आहेत, आणि साध्या करड्या प्लेस्टेशनला सीरियल केबल जोडून प्रोग्राम पाठवायचे मार्ग हौशी लोकांनी कधीच शोधलेत. त्यात सीडीचं बंधन नाही, कार्डाची कटकट नाही. यारोझे घ्यायचं ते १९९६ मध्ये एखाद्या कॉलेजच्या पोराच्या टेबलावर जे होतं नेमकं तेच हाताळायचं म्हणून. मला मिळालेल्या मॅन्युअलात कोणीतरी पेन्सिलीने हेक्साडेसिमलचे आकडे मांडून बेरजा केल्यात. एक चुकलीय.

भारतात न्यायचा विचार असेल त्यांच्यासाठी. कोथरूडचा माझा मामेभाऊ गेल्या महिन्यात फोनवर म्हणाला, “दादा, मला पण एक बघ ना, येताना घेऊन ये.” त्याला सांगितलं तेच इथे सांगतो. जपानी एच३००० हा १०० व्होल्टचा. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या प्लगात थेट लावला तर धूर येईल आणि वर हिशेब केलेला सगळा पैसा त्या धुरात जाईल. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच, स्वस्तातला प्लग बदलणारा अ‍ॅडॉप्टर म्हणजे ट्रान्सफॉर्मर नव्हे. युरोपीय एच३००२ आपल्या विजेवर सरळ चालतो आणि मॅन्युअल इंग्रजीत असतं. तो जपानी सेटपेक्षा महाग पडतो, पण पुण्या-मुंबईतल्या माणसाने फरकाचे पैसे खुशाल द्यावेत. जपानी मॅन्युअल वाचता येत नसेल तर त्याची किंमत तुमच्यासाठी शून्य आहे, विकणारा काहीही म्हणो. टीव्हीचाही विचार करा. नव्या सपाट टीव्हीतले काही या जुन्या सिग्नलचा पार विचका करतात, काही दाखवतच नाहीत. जुना ट्यूब टीव्ही नातेवाइकांकडे कुठे माळ्यावर पडला असेल तर भंगारात जाऊ देऊ नका.

गुण द्यायचे तर वस्तूला पाचपैकी चार, माझ्या सेटला साडेतीन (लेन्समुळे), आणि त्या दुसऱ्या मजल्यावरच्या दुकानाला पाच. तिथे काचेत अजून एक एच३००० होता, कार्डाशिवाय, ३८,००० येन लावून. माझ्या मते पंचवीस हजारांच्या वर देऊ नये. मामेभावाला तो नको म्हणून कळवलंय, त्याच्यासाठी एच३००२ वर नजर ठेवून आहे.